त्या धोरणातला लांडगा

"सही इथं," ढवळे सरांनी कागदावर बोट ठेवलं, "आणि खाली तारीख. बाकी सगळं टाइप केलेलंच आहे."

मी जुईला कडेवर घेऊन कागद वाचायला लागले. मी वाचावा अशी त्यांची अपेक्षा नसावी, कारण पेन त्यांनी आधीच उघडून माझ्या हातात दिलं होतं. कागदावर होतं, की मी, सौ. वृंदा मंदार टोणपे, वय एकोणतीस, राहणार मृगछाया नगर, प्लॉट नंबर अकरा, येथे राहायला आल्यापासून मला या परिसरात लांडगा अथवा अन्य कोणताही वन्यप्राणी कधीही दिसलेला नाही, हे प्रतिज्ञापूर्वक सांगते.

"सर," मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी तुम्हीच माझी सही घेतली होती. लांडगा कुंपणापर्यंत आला म्हणून."

"घेतली होती." सर मुळीच गडबडले नाहीत. बावीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस गडबडत नाही. "तो लांडगा त्या धोरणातला होता, ताई. हे धोरण वेगळं आहे."

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतली सकाळ होती, जुई सव्वादोन वर्षांची होती आणि त्या महिन्यात तिला तिसऱ्यांदा जुलाब लागले होते. आमच्या मृगछाया नगरात बावीस घरं होती आणि नळ एकही नव्हता. पाणी टँकरनं यायचं, आमच्या कुंपणामागच्या सिमेंटच्या टाकीत पडायचं आणि तिथून बादल्यांनी घरोघर जायचं. त्याचं कारण नगरातल्या लहान पोरांनाही पाठ होतं: आपण अभयारण्यात आहोत. घोरपडमाळ अभयारण्याची हद्द आमच्या मागच्या कुंपणाशी संपत नव्हती, ती पुढच्या रस्त्याच्याही पलीकडे अर्धा किलोमीटर होती. प्लॉट विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. त्यानं जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' एवढंच छापलं होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं.

हद्द मागे सरकली, की नळ येईल, घराची नोंद होईल, वरचा मजला चढवता येईल, असं सर सांगायचे. ती सरकवण्यासाठी 'पट्टा वगळा कृती समिती' स्थापन झाली होती आणि सर तिचे अध्यक्ष होते.

पहिलं धोरण असं होतं, की जिथे वन्यप्राण्यांपासून माणसाला धोका आहे, तेवढा पट्टा अभयारण्यातून वगळता येईल. त्यामुळे तेव्हा समितीला लांडगा हवा होता, आणि अख्ख्या नगरात तो फक्त मी पाहिला होता. जुई दोन महिन्यांची होती. मी जे घडलं तेच सांगितलं: उजाडताना लांडगा कुंपणापाशी आला, टाकीखाली गळणारं पाणी प्यायला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो गेला. सरांनी ते शुद्ध मराठीत उतरवलं, तेव्हा लांडगा निष्पाप बालिकेवर झेप घेण्याच्या पवित्र्यात उभा होता. दोन महिने सलग दोन तास न झोपलेल्या बाईला पवित्र्यावरून वाद घालता येत नाही. मी सही केली. मग चौकात फ्लेक्स लागला. त्यात मी, कडेवर जुई, मागे कुठूनतरी उतरवलेला बर्फातला लांडगा, आणि वर ठळक अक्षरांत 'आमची मुलं की यांचे लांडगे?' आमच्या उघड्याबोडक्या माळावर बर्फ कुठून आला, असं कुणीही विचारलं नाही.

तो प्रस्ताव मुंबईला पोचेपर्यंत सरकार बदललं. नव्या सरकारनं नवं धोरण आणलं. आता जिथे सलग दोन वर्षं मुख्य प्राणी, म्हणजे आमच्याकडे लांडगा, आढळलाच नाही, तेवढा पट्टा वगळता येणार होता. समितीनं एका बैठकीत, चहा येण्याच्या आत, सगळे लांडगे रद्द केले.

"विचार करून सांगते," मी सरांपुढे पेन परत धरलं.

त्यांनी ते घेतलं नाही. "यात विचार कसला करायचा? बावीसपैकी एकवीस झाले. आणि पाणी तुमच्याच पोरीला हवंय." जाता जाता ते जुईच्या गालाला हात लावून गेले. जुई रडली नाही. मलाच रडू येत होतं, कारण ते म्हणत होते ते खरं होतं.

मी सही केली नाही, यात माझा प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. अडचण एका वहीची होती.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुईचं वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ती कधी पिते, किती वेळ पिते, शी-शू कधी होते, ते सगळं लिहून ठेवा. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं. प्रयोगवहीत आखायचो तसे तीन रकाने आखले: वेळ, निरीक्षण, शेरा. पहाटेचं पाजणं मागच्या खिडकीत बसून व्हायचं आणि खिडकीतून टाकी आणि टाकीपलीकडे सगळा माळ दिसायचा. लांडगा मी भीतीपोटीच लिहायला लागले. तो किती वाजता येतो ते कळलं, तर तेवढा वेळ मागच्या दाराला कडी घालता येईल, बस. वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, आता लिहिणं बंद करा, मुलगी छान आहे. मी मान हलवली आणि घरी येताना नवी वही आणली. सरांच्या कागदाच्या वेळी तिसरी वही चालू होती. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती वही हाच एक आजार वाटायचा, पण तो तसं बोलायचा नाही. पाहुणे आले की उचलून कपाटात ठेवायचा.

तर त्याच आठवड्यात शेलार मॅडम पाण्याची बाटली भरायला आल्या. त्या वनरक्षक होत्या. सगळा माळ, एक मोटरसायकल आणि त्या. मी आतून गाळलेलं पाणी आणेपर्यंत त्यांनी खिडकीतली वही उघडली होती. त्यांनी उभ्याउभ्या चार पानं वाचली आणि मग खाली बसल्या.

त्यांच्याकडून मला कळलं, की लांडगा नसल्याचं सर्वेक्षण आधीच झालंय. एका दुपारी, तीन जीपगाड्यांतून, समितीच्या पदाधिकाऱ्यांसह. डिझेलचा वास आला की ससासुद्धा बाहेर येत नाही, हे त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं होतं. माळावर लावलेले कॅमेरे शेजारच्या तालुक्यात बिबट्यासाठी गेले होते ते परत आले नव्हते. त्यांनी स्वतः तीन अहवाल वर पाठवले होते.

"मग वरून काय आलं?" मी विचारलं.

"वरून काही येत नसतं, ताई. वर नुसतं जातं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "पट्टा वगळायच्या सुनावणीत मला बोलता येत नाही, मी खात्यातली. तुम्हाला येतं." आणि जाताना वही जिथे होती तिथे, खिडकीत नीट ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी जुईला घेऊन मेंढपाळ धुळोबा हाक्यांच्या, म्हणजे हाकेआबांच्या, वाड्यावर गेले. त्यांची दीडेकशे मेंढरं दरवर्षी दिवाळीनंतर माळावर बसायची. दुरून मला त्यांच्या पालाच्या छपरावर माझाच चेहरा दिसला. फ्लेक्स चौकातून उतरवल्यावर त्यांनी मागून आणला होता, आणि 'आमची मुलं की यांचे लांडगे?' याच्या सावलीत तीन कोकरं निजली होती. आबांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. लांडगे आहेत का, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे, हिला उन्हाचा त्रास झाला असावा, असं पाहिलं. सुनावणीत तेवढंच सांगाल का, असं विचारलं, तर म्हणाले सांगतो की, त्यात काय.

घरी मंदारनं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. तो सरांशी भांडायला तयार होता, पण त्याचीही एक अट होती.

"सही करू नकोस. ते मी बघतो. पण तिथे उठून बोलू नकोस, वृंदा. बावीस घरं आहेत. उद्या जुईला कुणी खेळायला घेणार नाही."

मी त्याला शब्द दिला नाही, आणि त्यानंही पुन्हा मागितला नाही.

सुनावणी गावातल्या मंगल कार्यालयात झाली. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं. व्यासपीठावर थर्माकोलची अक्षरं तशीच होती, त्यातलं वराचं नाव निम्मं गळून पडलेलं. प्रांत मॅडम नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांपैकी एकीवर बसल्या आणि दुसरीवर त्यांनी फायली ठेवल्या. आमचं नगर पुढच्या चार रांगांत बसलं होतं. शेलार मॅडम दाराशी उभ्या होत्या, ड्यूटीवर.

सरांनी अर्धा तास भाषण केलं. बावीस घरं, एकवीस प्रतिज्ञापत्रं, एकालाही लांडगा दिसलेला नाही, आणि जो प्राणी नाही त्याच्या नावानं लेकरांना पाणी नाकारलं जातंय. ते चांगलं बोलले. पाण्याच्या वाक्याला मीही टाळी वाजवणार होते.

मग मॅडमनी विचारलं, विरोधात कुणाला बोलायचंय का. हाकेआबा उठले.

"लांडगं हायती," ते म्हणाले. "औंदा माझी सात मेंढरं न्हेली."

"पंचनामा केला?"

"न्हाई."

"वनखात्याकडे तक्रार? भरपाईचा अर्ज?"

"न्हाई केला."

"का नाही केला?"

आबांना प्रश्नच कळला नसावा. त्यांनी सांगितलं, "कळपात त्याचा वाटा असतोय, बाई. माझा बाप बी असाच म्हनायचा. वाटा न्हेला त्याची काय तक्रार करायची?"

"लिहा," मॅडम लिपिकाला म्हणाल्या, "नुकसानीची एकही तक्रार नाही."

लिपिकानं लिहिलं. चारही रांगा हसल्या. हाक्यांच्या तीन-चार पिढ्यांनी तक्रार केली नाही म्हणून घोरपडमाळावर लांडगा नव्हता, आणि ते आता सरकारी कागदावर आलं होतं. आबा कुणीतरी आपली चेष्टा केली एवढं ओळखून खाली बसले.

मी उठले. उठायचं ठरवलं होतं असं नाही. जुई मांडीवरून घसरत होती, तिला सावरायला उठले आणि मग उभीच राहिले. तिन्ही वह्या नेऊन मॅडमसमोर ठेवल्या आणि म्हटलं, यात आहेत लांडगे, तारखेनिशी.

मॅडमनी पहिली वही मधूनच उघडली. समोरचा माइक चालूच होता.

"'पाच चाळीस. डावीकडे, सहा मिनिटं. शेरा: नीट ओढत नाही.'" त्यांनी मान वर केली. "हे काय आहे?"

"दूध, मॅडम."

मागून कुणीतरी फुर्रकन हसलं. मॅडमनी आवाज न बदलता पुढे वाचलं.

"'पाच पन्नास. लांडगा एक, टाकीपाशी. शेपूट खाली, उजवा कान फाटका. शेरा: पाणी प्यायला, गेला. सहा पाच. शी, पिवळी, पातळ.'"

आता सगळं कार्यालय हसत होतं. दुसऱ्या रांगेत मंदारनं बूट बघायला सुरुवात केली. मॅडमनी पान उलटलं. एका सकाळी दोन लांडगे होते आणि जुईला सर्दी. एका सकाळी लांडगा नव्हता, धुकं होतं, आणि जुई पहिल्यांदा आठ मिनिटं प्यायली. मार्चमध्ये मादीमागे पिल्लं तीन होती. एप्रिलात दोन. मॅडमना वाचताना नाद लागला असावा, त्या थांबेनात. दात, खोकला, फाटका कान, जुलाब, पिल्लू एक, लस, पिल्लू एक. तिसऱ्या वहीपर्यंत हसणं कधीच थांबलं होतं आणि माइकवर पानांचा आवाज येत होता.

"मॅडम," ढवळे सर उभे राहिले, "ही बाळंतिणीची वही आहे. झोप नसते, मन थाऱ्यावर नसतं. अशा बाईला काहीही दिसतं. कुत्रं असेल."

दोन-चार बायकांनीसुद्धा माना हलवल्या. यासाठी मी काही आणलं होतं. ज्या घराची कुठेच नोंद नसते, त्या घरातली बाई प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवते. मी पिशवीतून दोन वर्षांपूर्वीचं प्रतिज्ञापत्र काढून मॅडमच्या हातात दिलं.

"याही कागदात तोच लांडगा आहे, मॅडम. तारीख वहीत बघा, तीच सापडेल. आणि खाली साक्षीदार म्हणून सरांची सही आहे. 'सदर लांडगा मी समक्ष पाहिला आहे' असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय."

त्या दिवशी लांडगा आला तेव्हा सर त्यांच्या घरात गाढ झोपलेले होते, हे मी सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती.

मॅडमनी कागद वाचला, वहीतली तारीख काढली, दोन्ही शेजारी ठेवले. "ढवळे सर, हा लांडगा तुम्ही पाहिला होता?"

सरांनी थर्माकोलच्या नावाकडे पाहिलं.

"ते तेव्हाच्या धोरणानुसार होतं," ते म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही. मॅडमनी वही मिटली आणि माझ्याकडे वळल्या. "टोणपेबाई, तुमच्याच वहीत मुलीचे जुलाब किती वेळा लिहिलेत. तुम्हाला नळ नको?"

"हवाय. सगळ्यांच्या आधी मला हवाय. पण नळ हवा म्हणून लांडगा नाही असं का लिहून द्यायचं? पाण्याच्या अर्जात लांडग्याचा रकाना कुठे असतो?"

मला वाटत होतं, की असा रकाना असेल आणि मला तो माहीत नसेल. मॅडमनी शेजारच्या खुर्चीवरची एक फाइल उघडली, चाळली, आणि ग्रामसेवकांना पुढे बोलावलं. आधीच असलेल्या वस्तीला पिण्याचं पाणी द्यायला अभयारण्याची आडकाठी नाही, फक्त प्रस्ताव पाठवून परवानगी घ्यावी लागते, असं त्या म्हणाल्या. मग मृगछाया नगरचा पाण्याचा प्रस्ताव कधी पाठवला?

ग्रामसेवकांनी आधी सरांकडे पाहिलं.

"पाठवला नाही, मॅडम. पट्टा वगळल्यावर एकदमच पाठवू, असं समितीचं म्हणणं पडलं. नळ आधी आला तर लोक सुनावणीला येणार नाहीत म्हणाले."

जुई माझ्या मानेला बिलगली. आमच्यातल्या प्रत्येक बाईनं तीन वर्षं पाणी उकळून गाळलं होतं. कुणीतरी आता सरांना काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. पण त्याऐवजी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी तेव्हा ओळखलं नाही. पुढे रोज ओळखीचं झालं.

प्रस्ताव फेरसर्वेक्षणासाठी परत गेला. स्कूटरवरून घरी येताना मंदार वेशीपाशी म्हणाला, "'पिवळी, पातळ' एवढं तरी खोडायचं होतंस." मग त्यानं जुईला पुढे उभं करून घेतलं आणि हॉर्न वाजवू दिला.

तो म्हणाला होता तसंच झालं. जुई चार वर्षांची होईपर्यंत तिला नगरात एकाही वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही. संक्रांतीला माझ्याकडचे तिळगूळ मीच खाल्ले. नळ मात्र सव्वा वर्षात आला, दर तिसऱ्या दिवशी पाऊण तास. त्याचं पूजन ढवळे सरांच्या हस्ते झालं, आणि चौकात फ्लेक्स लागला: 'समितीच्या अथक प्रयत्नांना यश.' त्यात माझा फोटो नव्हता. तो फ्लेक्सही पुढच्या दिवाळीनंतर हाकेआबांनी नेला. आणि टाकी रिकामी पडल्यावर लांडगे कुठे प्यायला जातात, ते मला खिडकीतून दिसेनासं झालं. शेलार मॅडमची बदली झाली. वही मी चालू ठेवली, गच्चीवरून.

गेल्या महिन्यात सर पुन्हा दारात आले. आता त्यांच्या हातात काठी असते. जुईनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, नळाचं. त्यांनी पिशवीतून कागद काढला. पुन्हा सरकार बदललंय आणि नवं धोरण आलंय. पर्यटन. माळावर लांडगादर्शन केंद्र होणार आहे, तंबू, जीपगाड्या, उपाहारगृह. समितीचं नावही बदललंय: 'लांडगा बचाव कृती समिती', अध्यक्ष तेच. कागदावर होतं, की मी, सौ. वृंदा मंदार टोणपे, वय अडतीस, गेली बारा वर्षं या परिसरात राहत असून येथे लांडगे मुबलक प्रमाणात आढळतात, हे प्रतिज्ञापूर्वक सांगते. शिवाय त्या वह्या द्याव्यात, अशी विनंती होती. केंद्रात काचेच्या कपाटात ठेवायच्या होत्या.

मी आतून चालू वही आणली. या वर्षी चार नोंदी होत्या. चारही एकाच मादीच्या. मागच्या डाव्या पायानं लंगडते.

"सर, एकच आहे," मी म्हटलं. "मुबलक कसं लिहू?"

"मुबलक हा शब्द धोरणातलाच आहे, ताई." त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "सही इथं."

मी पेन घेतलं. 'लांडगे मुबलक प्रमाणात' यावर काट मारली, वर 'लांडगी एक, लंगडी' असं लिहिलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी तुम्ही करा, सर. साक्षीदार म्हणून, समक्ष पाहिल्याचं लिहून. मग मी करते." मी जुईला स्कूटरची किल्ली आणायला सांगितलं. "झेरॉक्सचं दुकान एक वाजता बंद होतं."